संगीत नाटक आणि दशावतार: कोकणात राहून जुनी रंगभूमी कानात कशी बसवावी

एखादं नाट्यपद कानावर पडतं, आवडतं, म्हणून माणूस वाचनालयातून ‘सौभद्र’सारखं संगीत नाटक घरी आणतो आणि पहिल्या अंकाच्या मध्यावर पुस्तक मिटून ठेवतो. मनातल्या मनात, कादंबरीच्या वेगाने वाचलं की असंच होणार. ही नाटकं मोठ्याने म्हणायला आणि रात्री जागून ऐकायला लिहिलेली आहेत. आधी कान, मग तोंड आणि शब्दार्थाचा हिशेब शेवटी, असा क्रम ठेवला तर निम्मी अडचण आपोआप सुटते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहणाऱ्यांना तर आयतीच सोय आहे. पौराणिक मराठी पाठ न करता, उभ्या उभ्या, रात्रभर बोलणारे दशावतारी, म्हणजे देवळापुढच्या दशावतार या लोकनाट्यातले नट, इथे गावोगाव भेटतात. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

लागणारं सामान

फार काही लागत नाही. वाचनालयाचं सभासदत्व, एक वही, शिसपेन्सिल (पुस्तक वाचनालयाचं असेल तर खुणा वहीतच करायच्या), गाणी ऐकायला मोबाईल आणि बरे इयरफोन. शब्दकोशासाठी मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’. दोन्ही इंटरनेटवर फुकट शोधता येतात. मोल्सवर्थमध्ये अर्थ इंग्रजीत आहेत, पण एकोणिसाव्या शतकातला शब्द तिथे हमखास सापडतो.

सभासद होण्यासाठी बहुतेक ठिकाणी आधार कार्डाची प्रत, पत्त्याचा पुरावा, एक-दोन फोटो, अनामत रक्कम आणि वर्गणी लागते. काही ठिकाणी जुन्या सभासदाची सहीसुद्धा मागतात. फोन करून विचारा आणि मगच जा, नाहीतर एका फोटोपायी दुसरी खेप पडते.

१. पहिली रात्र दशावताराची

जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. तारखा तिथीवर असतात, त्यामुळे गेल्या वर्षीची तारीख धरून निघू नका. कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवण या भागात असाल तर चहाच्या टपरीवर ‘आज खंय नाटक आसा?’ एवढं विचारलं की गाव, देऊळ आणि कंपनी, तिन्ही कळतात.

पहिल्या वेळेला मोठी जत्रा टाळा. आंगणेवाडीला किंवा महाशिवरात्रीला कुणकेश्वरला देवदर्शनासाठी जरूर जा, पण त्या गर्दीत नाटकाचा शब्द ऐकू येणार नाही. छोट्या गावाची जत्रा निवडा, जिथे देवळासमोर दोन-तीनशे माणसं बसलेली असतात. ‘ट्रिकसीन’ची जाहिरात असलेला किंवा नामवंतांना एकत्र आणून केलेला ‘संयुक्त दशावतार’ही पहिल्यांदा नको. धूर, दिवे आणि यंत्रांच्या करामती यांत लक्ष जातं, आणि तुम्ही तर बोलणं ऐकायला आला आहात.

पालखीची प्रदक्षिणा आणि धार्मिक विधी झाल्यावरच नाटक उभं राहतं. ते बऱ्याचदा मध्यरात्रीच्या पुढे. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, मग वेद चोरणारा काळ्या वेशातला संकासुर आणि त्याचा वध करणारा विष्णू. त्यानंतर मुख्य आख्यान. हल्ली कित्येक ठिकाणी आडदशावतार आटोपता घेतात, कधी गाळतातही. तो बघायचाच असेल तर कोणत्या देवळात पूर्ण होतो ते आधी विचारून घ्या. आख्यान उजाडेपर्यंत चालतं आणि शेवट दहीकाल्याने होतो, म्हणूनच या नाटकांना धयकालो म्हणतात.

रंगमंचावर मागे एक पडदा आणि पुढे एक बाक, एवढंच नेपथ्य. तोच बाक सिंहासन, तोच पर्वत. बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. लिखित संहिता नसते. कथा कोणती आणि प्रवेश कोणत्या क्रमाने, हे नाटकाआधी रंगपटात (नट रंगतात त्या जागी) ठरतं, आणि संवाद नट जागेवर रचतो. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करतात.

इथे कान एका गोष्टीवर ठेवा. देव, राजे, ऋषी संस्कृतप्रचुर प्रमाण मराठीत बोलतात. संकासुर आणि विनोदी पात्रं मालवणीत. एकाच प्रवेशात दोन्ही एकमेकांवर आदळतात. राजा लांबलचक समास फेकतो आणि सेवक त्याचा तीन शब्दांत मालवणी चुराडा करतो. समास कळला नाही तरी त्याची लय कळते, आणि प्रेक्षक हसले की अर्थही बराचसा कळतो. दोन राजांचा युद्धापूर्वीचा वाद आला की डोळे मिटून ऐका: प्रत्येक वाक्य कुठे चढतं, कुठे थांबतं आणि मृदंगाची थाप नेमकी कोणत्या शब्दावर पडते. पुढे गडकऱ्यांचं गद्य वाचताना हेच कामाला येतं.

बरोबर शाल, बसायला चटई, पाणी, टॉर्च आणि सुटे पैसे घ्या. दव पडतं, थंडी पहाटे तीननंतर बोचायला लागते. लाऊडस्पीकरच्या कर्ण्यासमोर बसू नका, आवाज फाटतो. वादकांच्या बाजूला, पाच-सहा रांगा मागे जागा बरी. जत्रेतल्या नाटकाला तिकीट नसतं. तबक समोर आलं तर काहीतरी टाका. आवडलेल्या नटाला बक्षिसी द्यायची असेल तर ती माईकवर पुकारली जाते, नाव पुकारलेलं नको असेल तर देतानाच सांगा. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण या नटांवरूनच पडली आहे. पहाटे पेटारा उचलून पुढच्या गावाला निघालेल्या माणसाला मुलाखतीसाठी अडवून धरू नका. आणि रात्रभर जागून घाटातून दुचाकी चालवत परत येऊ नका, तासभर देवळातच पाठ टेका.

२. पहिलं पुस्तक कोणतं

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं आणि मराठी संगीत नाटकाचा पाया घातला गेला. म्हणून लोक तिथूनच सुरुवात करायला जातात. तसं करू नका. कालिदासाचा मूळ डौल सांभाळणारी ती भाषा नवख्याला जड जाते. हा क्रम सोपा पडतो:

‘सौभद्र’ (१८८२). गोष्ट ठाऊक असते: सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरलेलं, अर्जुन संन्याशाच्या वेशात, आणि सगळी सूत्रं कृष्णाच्या हातात. कथानक माहीत असलं की भाषेकडे लक्ष द्यायला सवड मिळते. शिवाय ही सगळी पौराणिक माणसं एखाद्या मराठी घरातल्या लग्नघाईत असावीत तशी वागतात.

‘संशयकल्लोळ’ (१९१६). गोविंद बल्लाळ देवलांचं गद्य आजही जवळजवळ जसंच्या तसं बोलता येतं. पात्रांची नावं महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून आहेत: फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती, भादव्या. पात्रं डोक्यात ठेवायला हे फार बरं.

‘शारदा’ (१८९९). बाला-जरठ विवाहावरचं (लहान मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न), पुराणातून बाहेर पडून स्वतंत्र सामाजिक कथा मांडणारं नाटक. जाता जाता: १९२९चा ‘सारडा कायदा’ हरबिलास सारडा यांच्या नावावरून आहे, या नाटकावरून नव्हे. ही गल्लत छापील लेखांतही सापडते.

मग खाडिलकरांचं ‘मानापमान’ (१९११), आणि त्यानंतर गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. गडकरी पाचव्या जागी आहेत ते मुद्दाम. त्यांचं एक वाक्य अर्धं पान चालतं, अनुप्रास आणि उपमा एकावर एक चढतात, आणि कान तयार नसेल तर तो नुसता फापटपसारा वाटतो. कान तयार झाल्यावर तेच वाक्य श्वास पुरवून म्हणण्यात जी गंमत आहे ती दुसऱ्या कुठल्या मराठी गद्यात मिळणं कठीण. ‘राजसंन्यास’ अपुरं राहिलेलं नाटक आहे. त्यातली स्वगतं सुटी सुटी वाचा.

पुस्तकं मिळण्याची अडचण कोकणात नाही. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर आणि वेंगुर्ल्याचं नगर वाचनालयही एकोणिसाव्या शतकातलीच. अशा ठिकाणी नाटकांचं कपाट वेगळं असतं, ग्रंथपालांना विचारलं की ते थेट तिथे नेऊन उभं करतात.

पुस्तक घेताना एक पाहा: ती मूळ संहिता आहे की रंगावृत्ती. जुने प्रयोग पाच-सहा तास चालत, आजचे तीन तासांत बसवतात. त्यासाठी पदं आणि प्रवेश कापलेले असतात. वाचायला मूळ संहिता घ्या, प्रयोगाला जाताना रंगावृत्ती मिळाली तर तीही चाळा. ‘हे पद गाळलं कसं?’ असा वाद मध्यंतरात घालणारे यातलं एकच वाचून आलेले असतात.

३. मोठ्याने वाचा, पण असं

एका बैठकीला एक अंक. ‘सौभद्र’ पाच अंकी आहे, म्हणजे पाच बैठका. त्याहून जास्त ओढू नका, घसा बसतो आणि पुढचं नुसतं उरकलं जातं.

पहिल्या वाचनात शब्दकोश बंद. अडलेल्या शब्दाची वहीत नोंद, आणि पुढे. दुसऱ्या वाचनात तेवढेच शब्द बघा. थोडे आत्ताच सांगून ठेवतो, कारण ते पानोपानी येतात: गमणे म्हणजे वाटणे, वदणे म्हणजे बोलणे, कथणे म्हणजे सांगणे, परिसणे म्हणजे ऐकणे, झणी म्हणजे लगेच, नच म्हणजे नाहीच, मम-तव म्हणजे माझं-तुझं. बायको नवऱ्याला ‘आर्यपुत्र’ म्हणते, तिथे सासऱ्याचा शोध घेत बसू नका.

जुन्या आवृत्त्यांत एक मोठा सापळा आहे. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरें’, ‘मीं’ अशी अनुस्वारांची रांग दिसते. हे अनुस्वार व्युत्पत्तीसाठी लिहिले जात, त्यांचा उच्चार करायचा नसतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढून टाकले. नवखे वाचक ते नाकातून उच्चारतात आणि राजा पडसं झाल्यासारखा बोलू लागतो. ‘वंदन’, ‘कंठ’ यांतला अनुस्वार मात्र पूर्ण उच्चारायचा. मात्रा मोजतानाही हा फरक लागतो.

स्वगत वाचताना स्वल्पविरामाला श्वास घेऊ नका, कल्पना बदलते तिथे घ्या. आणि रंगसूचनासुद्धा म्हणा, ‘पडद्यात’, ‘एकीकडे’, ‘प्रकट’. त्या गाळल्या की कोण कोणाला चोरून बोलतंय ते कळेनासं होतं. ‘पडद्यात’ म्हणजे आवाज आतून, पात्र दिसत नाही. ‘एकीकडे’ म्हणजे प्रेक्षकांना ऐकू जाणारं, समोरच्या पात्राला न जाणारं.

४. वृत्त: बोटांवर मोजण्याइतकं

व्याकरणाचं पुस्तक उघडायच्या आधी दोन चाली तुम्हाला येतातच. समर्थांचा ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ हा श्लोक भुजंगप्रयातात आहे: लघु-गुरू-गुरू (ऱ्हस्व-दीर्घ-दीर्घ) हा गट चार वेळा, अक्षरं बारा. लग्नातली मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात: अक्षरं एकोणीस, बाराव्यानंतर थांबा. ‘स्वस्ति श्री गणनायकं गजमुखं’ इथे भटजी दम घेतात ना, तीच यती. पुढचं नाटक वाचताना एखादा श्लोक आपोआप मंगलाष्टकाच्या चालीवर बसला तर तो शार्दूलविक्रीडित समजा.

मात्रावृत्तांचा नियम छोटा आहे. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. अनुस्वार उच्चारला जात असेल तर दोन. जोडाक्षराच्या आधीच्या ऱ्हस्व अक्षरावर आघात येत असेल तर त्याच्याही दोन: ‘सज्जन’मधल्या ‘स’च्या दोन. पण ‘तुझ्या’, ‘जुन्या’ यांत आघात येत नाही, म्हणून ‘तु’ आणि ‘जु’ एकेकच. सगळ्यांचं गणित चुकतं ते इथेच.

सरावासाठी ‘शाकुंतल’ची नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं स्तवन, घ्या: ‘पंचतुंड नररुंडमालधर पार्वतीश आधी नमितो’. ‘पंचतुंड’ सहा, ‘नर’ दोन, ‘रुंडमालधर’ आठ, झाल्या सोळा. ‘पार्वतीश’ सहा, ‘आधी’ चार, ‘नमितो’ चार, झाल्या चौदा. सोळाव्या मात्रेशी थांबून म्हणून पाहा, मग न थांबता म्हणून पाहा. फरक कानाला लगेच लागतो.

पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘साकी’ किंवा ‘दिंडी’ छापलेलं असेल तर साकीच्या ओळीत १६ आणि १२ अशा २८ मात्रा, दिंडीत ९ आणि १० अशा १९. ‘चाल’ असं लिहून पुढे एखादी ओळ दिली असेल, तर ती त्या काळी लोकांच्या तोंडी असलेल्या दुसऱ्या गाण्याची ओळ आहे, पदाचा भाग नव्हे. ती म्हणत बसू नका.

५. पदं ऐकताना

आधी शब्द वाचा, मग ऐका. उलट केलं तर तानांच्या गर्दीत शब्द सापडत नाहीत. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर नाट्यपदांचे शब्द मिळतात, बऱ्याच ठिकाणी नाटक, संगीतकार आणि रागही दिलेला असतो.

जुन्या ध्वनिमुद्रिकांपासून सुरुवात करू नका, बालगंधर्वांच्यासुद्धा नाही. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर गाणं मावे, म्हणून गायन आवळलेलं असतं, वर खरखर. सवय नसलेल्या कानाला त्यातली नजाकत लागत नाही. ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांतली, जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलेली पदं आधी ऐका. मग मागे मागे जा: भास्करबुवा बखल्यांच्या चालींचं ‘स्वयंवर’, गोविंदराव टेंब्यांचं ‘मानापमान’, आणि शेवटी ‘सौभद्र’. एकच पद दोन-तीन गायकांकडून ऐकलं तर मूळ चाल कुठे संपते आणि गवयाची भर कुठे सुरू होते ते कळतं.

६. नाट्यगृहात

रत्नागिरीचं स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह, चिपळूणचं इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र, मालवणचं मामा वरेरकर नाट्यगृह या जागांवर लक्ष ठेवा. कणकवलीत वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठानचे कार्यक्रम होतात आणि रत्नागिरीची ‘खल्वायन’ ही संस्था संगीत नाटकं करते. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांची वेगळी स्पर्धा असते. ती आपल्या केंद्रावर असेल तर सोडू नका: तिकीट नाममात्र, आणि ओळीने कितीतरी संगीत नाटकं बघायला मिळतात. हौशी संघांचा दर्जा खालीवर असतो, पण तेच पद एकाला साधतं आणि दुसऱ्याला नाही, हे बघण्याइतकं शिक्षण दुसऱ्या कशात नाही.

ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या अगदी पुढे, कडेला असतात. पहिल्या दोन रांगांत कडेला बसलात तर ऑर्गन शब्द खाऊन टाकतो. मधल्या भागात पाचवी ते आठवी रांग चांगली. नांदी तिसऱ्या घंटेनंतर लगेच सुरू होते, त्यामुळे दुसऱ्या घंटेला खुर्चीत असा. ‘वन्स मोअर’ देण्याची जुनी रीत आहे, पण पद पूर्ण संपून टाळ्या पडल्यावर. तान चालू असताना नाही. आणि पाठ असलेलं पद गायकाबरोबर गुणगुणू नका. शेजाऱ्याने तिकीट तुमच्यासाठी काढलेलं नसतं.

७. इथून शेक्सपिअरकडे

इंग्रजी मूळ झेपत नसेल तरी हा दरवाजा मराठीतून उघडतो. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चं ‘झुंझारराव’, शिरवाडकरांनी ‘मॅक्बेथ’चं ‘राजमुकुट’. कोकणाशी नातं असलेले दोन अनुवादक तर आवर्जून वाचा: देवगड तालुक्यातल्या धालवलीत जन्मलेले विंदा करंदीकर (‘राजा लिअर’) आणि वेंगुर्ल्यात जन्मलेले मंगेश पाडगांवकर. दोघेही कवी, त्यामुळे ओळीचं वजन त्यांना कळतं. ‘राजा लिअर’ वाचून झाल्यावर ‘नटसम्राट’ (१९७०) पुन्हा वाचा, त्यातली स्वगतं वेगळी ऐकू येतील.

८. चारचौघांत वाचन

एकट्याने वाचून कंटाळा आला की पाच-सहा जण जमवा. पात्रं आधीच्या दिवशी वाटून द्या, ऐन वेळी वाटली की अडखळत वाचन होतं आणि पहिल्याच बैठकीला निम्मे गळतात. प्रत्येकाकडे एकाच आवृत्तीची प्रत हवी, पानांचे आकडे जुळले नाहीत तर सगळा वेळ शोधण्यात जातो. पदं गाणारं कोणी नसेल तर लयीत नुसती म्हणा, खोटी चाल लावू नका. सूत्रधाराचं काम सर्वांत खणखणीत आवाजाच्या माणसाला द्या. पावसाळ्यात हा उद्योग उत्तम चालतो, जत्रा बंद असतात आणि लोक घरी सापडतात.

वाचनाची हौस वाढून तिकीट लावून प्रयोग करायचं ठरलं, तर दोन गोष्टी आधी करा. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं; अर्ज तालीम सुरू करतानाच द्या. दुसरं, हक्क. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी लेखनाचे हक्क खुले होतात. किर्लोस्कर (निधन १८८५), देवल (१९१६), खाडिलकर (१९४८) यांची नाटकं त्यामुळे खुली आहेत. शिरवाडकर, कानेटकर यांच्या नाटकांना हक्कधारकांची लेखी परवानगी आणि मानधन हवं. खुल्या नाटकाचीही अलीकडे कोणी संपादित केलेली रंगावृत्ती वापरणार असाल तर त्या संपादकाला विचारावं लागतं. ते टाळायचं असेल तर मूळ संहिता घ्या आणि कात्री स्वतः चालवा.